नागपूर-मुंबई विमानाचं अंतर ६८३ किमी, मग तिकिटावर १ तास ३५ मिनिटं काऊन?

महालातला_पोट्टा

मंडळी नमस्कार, प्रश्न थोडा येडपट वाटंल पण घरात यावरून दोन दिवसांपासून भांडण चालू आहे म्हणून विचारून राहिलो. मावसभावाचं लग्न आहे पनवेलले, फेब्रुवारीत, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. आदल्या दिवशी जाणं जमत नाही कारण भाऊजींले सुट्टी नाही आणि आईले दुसऱ्याच्या घरी झोप लागत नाही, म्हणून त्याच दिवशी सकाळची नागपूर-मुंबई फ्लाइट काढली. सुटते ७.१५ ले, पोचते ८.५० ले. म्हणजे १ तास ३५ मिनिटं.

आता भाऊजींनी मोबाइलच्या नकाशावर सोनेगाव विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली तर ६८३ किमी आले. विमान ताशी ८३० नं उडते हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं. भागाकार केला, ४९ मिनिटं. तर ते म्हणतात की हे कंपनीवाले उगाच दीड तास लिहून ठेवतात, तू पाहशील, सव्वाआठच्या आत आपण मुंबईत उतरलेलो असू, रस्त्यात नाश्ता करू आणि आरामात पनवेल. मी म्हणतो जे छापलं ते खरं. पैज लागली आहे, हरणाऱ्यानं सगळ्या घराले तर्री पोहे चारायचे.

तर उरलेली ४६ मिनिटं जातात कुठं हे कोणी समजावून सांगंल का? अन् खरा प्रश्न आईचा आहे, ते रोज सकाळी चहा देता देता विचारते, मुहूर्त सापडंल ना रे बाबू.

बर्डी_लोकल

दोघंही हरले बे, पोहे आम्हाला चारा.

तिकिटावर जे लिहिते ते उडायचा टाइम नसतोच. इकडे विमान जागेवरून हललं तिथून घड्याळ सुरू आणि तिकडे जागेवर जाऊन थांबलं की बंद. मधात धावपट्टीपर्यंत घरंगळत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर पुन्हा घरंगळणं, सगळं त्यातच. रेल्वेचं कसं प्लॅटफॉर्म ते प्लॅटफॉर्म असते, तसंच.

हैदराबादचं बघ ना. नागपूरहून सरळ रेघेत ४३० किमी भरते, म्हणजे मुंबईपेक्षा अडीचशे किमी कमी, तरी तिकिटावर सव्वा तासाच्या पुढंमागंच असते. अंतर कितीही कमी करा, विमानतळावरचा वेळ काही कमी होत नाही.

रॅम्पवाला_काका

मी बरीच वर्षं विमानतळावर रॅम्पच्या कामात होतो, म्हणजे विमानाच्या खालची माणसं, ट्रॉल्या, शिडी, पुशबॅक, ते सगळं. आता रिटायर आहे म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

भाऊजींचा भागाकार बरोबर आहे पण त्यांनी असं धरलंय की विमान सोनेगावला ताशी ८३० च्या स्पीडनं जन्माला येतं आणि मुंबईत त्याच स्पीडनं टेकतं. तसं झालं तर खाली उतरायला कोणी उरणार नाही.

दार लागलं की आमचा माणूस खाली हेडसेट लावून पायलटशी बोलत असतो. वरून परवानगी आली की ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो, हे पुशबॅक. त्यातच एक एक करून इंजिनं सुरू होतात, मग ट्रॅक्टरची दांडी सोडवायची, पुढच्या चाकाची पिन काढून पायलटला हातात धरून दाखवायची, त्यानं आतून हात हलवला की आम्ही बाजूला. ही पिन दाखवायची पद्धत खिडकीतून दिसते कधी कधी, लाल लांब पट्टी लटकत असते तिला, पुढच्या वेळी बघा. यात चार-पाच मिनिटं सहज जातात आणि विमान अजून धड आपल्या ताकदीवर एक इंचही गेलेलं नसतं. मग टॅक्सी, म्हणजे विमानानं धावपट्टीपर्यंत घरंगळत जाणं. नागपूरला गर्दी कमी म्हणून दहा मिनिटांत विमान वर जातं, मोठ्या विमानतळावर विचारू नका.

आता वर गेल्यावर. नागपूरची धावपट्टी १४/३२, म्हणजे एका टोकाची दिशा साधारण १४० अंश आणि दुसऱ्याची ३२०. मुंबई आपल्यापासून २५० अंशाच्या आसपास, नैर्ऋत्येकडे. म्हणजे कुठल्याही टोकानं उडालात तरी वळण घ्यावंच लागतं, नकाशावरच्या रेघेत हे वळण नसतं. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली स्पीडची मर्यादा असते, २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किमी. त्याच्या वर गेल्यावरच स्पीड वाढतो, आणि पूर्ण उंची गाठेपर्यंत वीस मिनिटांच्या आसपास जातात, तोवर तुम्ही कारंजा लाडच्या आसपास पोचलेले असता. उतरायला तर त्याहून आधी सुरुवात होते, ३४ हजार फुटांवरून यायचं तर जवळपास दोनशे किमी आधीच इंजिनं मंद करून नाक खाली. म्हणजे ६८३ मधले दोनशेच्या घरात चढायला गेले, दोनशे उतरायला, मधे खरा ८३० चा स्पीड मिळतो तो जेमतेम तीनशे किमी. एवढ्यात चहाची गाडी पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत जाऊन परत येते आणि कप गोळा करायची घाई सुरू होते.

मग मुंबई. तिथे धावपट्ट्या दोन आहेत पण एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आणि सकाळची वेळ, सगळ्या शहरांतून निघालेली पहिली विमानं तेव्हाच पोचतात. उतरायला नंबर लागला नाही तर आकाशात चकरा मारायला लावतात. उतरल्यावर पुन्हा उभं राहायला जागा पाहिजे, तिला पार्किंग बे म्हणतात.

हे सगळं धरून कंपनी १ तास ३५ मिनिटं लिहिते. त्यात थोडी हवा भरलेली असते हे भाऊजींचं म्हणणं खोटं नाही. विमान ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत पोचलं की हिशोबात ते वेळेवर धरतात, म्हणून कोणालाच तंग वेळ लिहायची हौस नसते. एखाद्या दिवशी सगळं सुरळीत झालं तर दहा-पंधरा मिनिटं आधी पोचवतात आणि वरून अभिमानानं घोषणा करतात.

महालातला_पोट्टा

काका दंडवत. भाऊजींले वाचून दाखवलं. ते म्हणतात की "हवा भरलेली असते" एवढंच वाक्य पुन्हा वाच.

बर्डी_लोकल

मागच्या वर्षी आम्ही वेळेवर उतरलो मुंबईत अन् मग पंचवीस मिनिटं तसेच बसून, बे रिकामा नाही म्हणे. शेजारचा माणूस पुण्याचा होता, त्याले म्हटलं आमच्या नागपुरात प्रत्येक वाक्यात बे मिळते, इथं एक मिळून नाही राहिला.

लोहगाव_शुक्रवार

मी पुण्याला नोकरीला आणि घर त्रिमूर्तीनगरला, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी पुणे-नागपूर-पुणे होतं, सरळ रेषेत ६०५ किमीच्या आसपास आहे. चार वर्षांपासून मला नाद आहे, चाकं उचलली की घड्याळ लावायचं आणि टेकली की बंद करायचं. बायको म्हणते याच्यापेक्षा झोप. पण त्यातून एक गोष्ट समजली जी वर कोणी लिहिली नाही ती म्हणजे वारा.

हिवाळ्यात आपल्या डोक्यावर त्या उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, म्हणजे नागपूरहून मुंबई-पुण्याकडे जाताना वारा तोंडावर येतो आणि परत येताना पाठीवर. विमान हवेच्या मानानं ८३० नंच उडतं पण जमिनीच्या मानानं किती पुढे सरकतं ते वाऱ्यावर. समजा ताशी ९० चा वारा आहे, जाताना राहिले ७४०, येताना झाले ९२०. आता भाऊजींचाच भागाकार करा, ६८३ भागिले ७४० म्हणजे ५५ मिनिटं आणि ६८३ भागिले ९२० म्हणजे पाऊणतासाच्या आत. तेच अंतर आणि तेच विमान, फरक दहा मिनिटांचा. म्हणून तुमच्या येण्याच्या तिकिटावर बघा, बहुतेक पाच-दहा मिनिटं कमी लिहिलेली असतील.

गंमत म्हणजे पावसाळ्यात हे उलटं होऊ शकतं. जून ते ऑगस्ट दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात, खाली मान्सूनचा वारा पश्चिमेकडून येत असतो आणि वर बरोबर विरुद्ध. त्या दिवसांत माझ्या घड्याळावर नागपूरहून पुण्याला जातानाचा वेळ कमी निघाला होता, आधी मला वाटलं बटन उशिरा दाबलं असेल.

तुमचं फेब्रुवारीत आहे म्हणजे जाताना वारा तोंडावरच. भाऊजींना सांगा पोह्यांचे पैसे वेगळे काढून ठेवा.

पनवेलची_सूनबाई

अहो तुम्ही सगळे मिनिटं मोजत बसलात, पण दादा तुम्ही तिकिटावर विमानतळ कोणता ते पाहिलंत का? माहेर माझं धरमपेठ, सासर पनवेल, म्हणून सांगते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, त्याचा कोड एनएमआय, जुन्याचा बीओएम. तिकीट काढताना दोन्ही मुंबई म्हणूनच समोर येतात आणि आपण स्वस्त दिसलं की बटन दाबतो. नवी मुंबईहून पनवेल दहा-बारा किलोमीटर. जुन्या विमानतळावरून चाळीसच्या वर, तेही सकाळच्या गर्दीत चेंबूर, मानखुर्द, वाशीचा खाडीपूल करत करत. विमानात वाऱ्यानं दहा मिनिटं गेली तरी काही नाही, मानखुर्दला तुमची पाऊण तास जाऊ शकतात.

हवाई अंतर म्हणाल तर नागपूरहून नवी मुंबई उलट पंधरा-वीस किमी जवळच पडतं कारण ते पूर्वेला आहे.

महालातला_पोट्टा

ताई आत्ता तिकीट उघडून पाहिलं. बीओएम आहे. जाणं-येणं दोन्ही. आणि बदलायचे पैसे पाहिले तर त्यात नवीन तिकीट येते. भाऊजींनीच काढलं होतं हे तिकीट, आता ते एकदम शांत बसले आहेत.

पनवेलची_सूनबाई

हरकत नाही, घाबरू नका, ८.५० ला पोचताय तर बॅगा घेऊन साडेनऊला टॅक्सीत बसाल, अगदी रखडलात तरी साडेअकराला पनवेल. आईंना सांगा निश्चिंत राहा. फक्त बॅग शक्यतो हातातली ठेवा, पट्ट्यावरची वाट पाहणं वाचेल. लग्नाच्या साड्या आहेत म्हणून आई ऐकणार नाहीत ते माहीत आहे मला.

समृद्धी_१२०

विमान सोडा, समृद्धीनं जा. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किमी, जून २०२५ पासून पूर्ण रस्ता चालू आहे. विमानाचे ६८३ आणि रस्त्याचे ७०१, फरक कितीसा. रेल्वेनं हेच मुंबई ८३७ किमी पडते भुसावळवरून. नकाशावर रेघ ओढून पाहा, आर्वी-पुलगावच्या मधून निघते, कारंजा, मग संभाजीनगरच्या डोक्यावरून, संगमनेर, माळशेज. समृद्धी पण कारंजा अन् संभाजीनगरवरूनच जाते, रस्ता काढणाऱ्यानं विमानाची रेघच पाहून काढला असं वाटते.

लोहगाव_शुक्रवार

१२० ची मर्यादा आहे, न थांबता गेलं तरी जवळपास सहा तास, आणि आमण्याहून पनवेल अजून पुढं. आईला घेऊन रात्रभर त्या सरळसोट रस्त्यावर? ड्रायव्हरला डुलकी लागते तिथं. नको.

समृद्धी_१२०

हाव, रात्रीचं नको, ते बरोबर आहे. मी दिवसाचं बोलत होतो.

सोनेगावचे_आजोबा

चर्चा वाचून मजा आली. तुम्ही ४९ मिनिटं की ९५ म्हणून भांडता, पण आमच्या लहानपणी याच सोनेगावला मध्यरात्री चार दिशांनी विमानं यायची. १९४९ साली रात्रीची टपाल सेवा सुरू झाली होती, दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमान सुटायचं आणि सगळी नागपूरला येऊन जमायची, कारण नागपूर सगळ्यांना मधे. इथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल, मुंबईची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या, आणि पहाटेपर्यंत ज्याचं विमान त्याच्या गावी परत. माझे वडील पोस्टात होते, ते सांगायचे की एक विमान उशिरा आलं तर बाकीची तीन त्याच्यासाठी थांबून राहत, जेवायला पाहुणा यायचा राहिला की पंगत जशी अडते तशी.

तेव्हा डाकोटा विमान, स्पीड ताशी तीनशेच्या थोडा वर. मुंबईचे ६८३ करायला निव्वळ उडण्याचे दोन-सव्वादोन तास. आता जेवढी मिनिटं वाचतात तेवढी आपण सुरक्षातपासणीच्या रांगेत घालवतो. बेल्ट काढा, पाकीट काढा, आणि माझ्या गुडघ्यातल्या सळईमुळे ते यंत्र दरवेळी बोंबलतं.

एक कामाचं सांगतो. ७.१५ ची फ्लाइट म्हणजे साडेपाच-पावणेसहाला आत शिरा, सामान द्यायचा काउंटर तासभर आधी बंद होतो. आणि मेट्रोच्या भरवशावर राहू नका, पहिली गाडीच सहाला सुटते आणि एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. बॅगा घेऊन चालत जाण्यासारखं नाही ते.

दोहावाला_भाचा

अजून एक गोंधळ, ज्यांना बाहेर जायचं त्यांच्यासाठी. तिकिटावरचे टाइम ज्या त्या गावच्या घड्याळाचे असतात. नागपूर ते दोहा २,८४० किमीच्या आसपास, चार-सव्वाचार तासांचं उडणं. पण दोह्याचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं, म्हणून नुसती वजाबाकी केली तर जाताना वाटते दोन तासांच्या आत पोचलो अन् येताना सहाच्या वर लागले. माझ्या आईने पहिल्यांदा तिकीट पाहून विचारलं होतं की येतानाचं विमान इतकं हळू काऊन चालवतात, पेट्रोल वाचवतात का.

महालातला_पोट्टा

लग्न लागलं, परत आलो, आता हिशोब देतो. लोहगाववाल्या भाऊंचं पाहून मी पण टाइम लिहून ठेवले, बोर्डिंग पासच्या मागं.

दार लागलं ७.०८ ले. पुशबॅक ७.१७. काकांनी सांगितलेली लाल पट्टी दिसली, खालच्या माणसानं हात वर करून दाखवली, मी आईले दाखवली तर ते म्हणते त्याले नमस्कार कर. चाकं उचलली ७.२९. वर गेल्यावर पायलटनं वाऱ्याचं काही सांगितलं नाही पण समोरच्या स्क्रीनबिक्रीन काही नव्हती त्यामुळे स्पीड समजला नाही. ८.१३ ले घोषणा झाली की आता उतरायला लागलो आहोत, भाऊजींनी घड्याळ पाहिलं अन् मी भाऊजींकडं पाहिलं. बरोबर सव्वाआठले खिडकीतून खाली नुसते डोंगर, एक धरण, मुंबईचा पत्ता नाही. सह्याद्रीच्या अलीकडंच होतो. टेकलो ८.३८ ले. जागेवर उभे राहिलो ८.५१. तिकिटापेक्षा एक मिनिट उशीर.

साड्यांची बॅग पट्ट्यावर आली ९.२२ ले. सूनबाई बरोबर बोलल्या होत्या, आई ऐकत नसते. टॅक्सी ९.३५, मानखुर्दले थोडे अडकलो, पनवेलले ११.१० ले हॉलवर. मुहूर्ताच्या आधी आईचा फराळ अन् सगळ्या नातेवाइकांच्या चौकशा पण झाल्या. येताना रात्रीच्या फ्लाइटमध्ये हवेतले ५९ मिनिटं लागले, जाताना ६९ होते. दहाचा फरक, भाऊंनी सांगितला होता तेवढाच, म्हणजे वारा खरा.

आता पैजेचं. मी म्हटलं सव्वाआठले तुम्ही डोंगरावर होते, हरले. तर भाऊजी म्हणतात की उडणं म्हणजे उडणं, चाकं वर ते चाकं खाली ६९ मिनिटं, मी ४९ म्हणालो म्हणजे २० नं चुकलो आणि तू ९५ म्हणाला म्हणजे २६ नं चुकला. हा वाद एअरपोर्टच्या टॅक्सीपासून सुरू झाला तो आईने घरी आल्यावर मिटवला, म्हणाली की तिकीट चुकीच्या विमानतळाचं कोणी काढलं त्यानं पोहे आणायचे. रविवारी आणले. भाऊजी खाता खाता पण पोह्याच्या कागदावर पेनानं वजाबाकी मांडून राहिले होते, तर्री सांडली त्याच्यावर.